रबाळ्याच्या गाळ्यातून घरी आलेले आर्केड कॅबिनेट : एका वर्षाच्या वापरानंतर

मागच्या वर्षी मे महिन्यात मी रबाळे औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्याकडून घरात ठेवण्यासाठी आर्केड कॅबिनेट बनवून घेतले. लहानपणी व्हिडिओ गेमच्या दुकानात नाणे टाकून ज्या उभ्या पेटीसमोर आपण खेळत असू, तसेच हे दोन खेळाडूंचे, पूर्ण उंचीचे कॅबिनेट आहे. ठाण्यातील माझ्या घरी ते येऊन वर्ष झाले, त्याने एक अख्खा पावसाळा पाहिला आणि रोज संध्याकाळी कोणी ना कोणी त्यावर खेळते. त्यामुळे आता त्याविषयी ठामपणे लिहिता येईल. त्यात गेम चालवणारा संगणक माझ्याकडे आधीपासून होता. तो वगळता, घरपोच आणण्यासह मला एकूण ७४,००० रुपये द्यावे लागले. रक्कम लहान नाही, म्हणूनच हा परीक्षणाचा खटाटोप.

हा कारखाना दोन भाऊ चालवतात. थोरले मूळचे फर्निचरच्या कामातले, तर धाकटे इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले. मी प्रथम फोन केला तेव्हा इतर विक्रेत्यांशी बोलून मी थोडा कंटाळलो होतो, कारण प्रत्येक जण पहिल्याच वाक्यात आपल्या पेटीत किती हजार गेम आहेत ते सांगत असे आणि दुसऱ्या वाक्यात दिव्यांचे रंग. इथे धाकट्या भावांनी मला विचारले, "साहेब, तुम्ही रोज खेळणार असे तीन गेम सांगा. बाकीचे राहू द्या." मी पॅक-मॅन, स्ट्रीट फायटर टू आणि आपल्याकडे सगळे ज्याला 'मुस्तफा' म्हणतात तो कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स अशी नावे सांगितली. त्यावर ते म्हणाले, "मग तुमचे काम जरा अवघड आहे. या, बसून बोलू." या एका प्रश्नामुळे मी त्यांच्याकडे गेलो आणि आज मागे वळून पाहताना त्या प्रश्नाचे मोल मला पूर्ण कळते.

अडचण अशी की हे तीन गेम एकमेकांच्या विरुद्ध गोष्टी मागतात. नामकोचा पॅक-मॅन १९८० सालचा. त्याला बटण लागत नाही, जॉयस्टिक फक्त चार दिशांची हवी आणि पडदा उभा हवा, कारण त्याचे चित्र २२४ ठिपके रुंद आणि २८८ ठिपके उंच आहे. कॅपकॉमचा स्ट्रीट फायटर टू १९९१ सालचा. त्याला आठ दिशांची जॉयस्टिक, प्रत्येक खेळाडूला तीन ठोशांची व तीन लाथांची अशी सहा बटणे आणि आडवा पडदा लागतो. 'मुस्तफा'ही कॅपकॉमचाच, १९९३ सालचा. त्याला बटणे दोनच पुरतात, पण खेळाडू तीनपर्यंत चालतात आणि सगळे एकाच वेळी बटणांवर तुटून पडतात, म्हणून तिथे खांद्याला खांदा लागणार नाही एवढी जागा हवी. एकाच पेटीत हे सगळे बसवायचे असेल तर लाकूड कापण्याआधी विचार करावाच लागतो. तिसऱ्या खेळाडूचा हट्ट मी तिथेच सोडून दिला आणि तो निर्णय योग्य ठरला.

पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या हातात सनबोर्डचा, म्हणजे फोमच्या हलक्या फळीचा, एक तुकडा दिला. त्यात ३० मिलिमीटरची भोके पाडून खरी बटणे आणि खरी जॉयस्टिक बसवलेली होती, वायर मात्र एकही जोडलेली नव्हती. तो तुकडा एका लोखंडी घोड्यावर माझ्या कंबरेच्या उंचीला ठेवून मला उभे राहून दहा मिनिटे नुसते हात चालवायला सांगितले. पाच मिनिटांतच माझे डावे मनगट आतल्या बाजूला वळू लागले, कारण जॉयस्टिक आणि पहिले बटण यांच्यातील अंतर मला कमी पडत होते. थोरल्या भावांनी काही न बोलता पेन्सिलीने नवी खूण केली, दुसरा तुकडा कापला आणि पुन्हा उभे केले. असे तीन वेळा झाले. शेवटी पॅनेलची, म्हणजे बटणे आणि जॉयस्टिक बसवलेल्या फळीची, उंची जमिनीपासून ३७ इंच ठरली आणि पेटीची रुंदी २७ इंच असूनही पॅनेल ३० इंचांचे, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच बाहेर आलेले करायचे ठरले. दोन मोठी माणसे शेजारी उभी राहून खेळतात तेव्हा हे तीन इंच किती उपयोगी पडतात हे प्रत्यक्ष खेळल्याशिवाय कळत नाही.

पॅनेल लाकडाचे न करता दोन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे करण्याचा सल्लाही त्यांचाच. मी जपानी सॅन्वा कंपनीच्या जेएलएफ जॉयस्टिक आणि त्याच कंपनीची खटक्याने बसणारी बटणे मागितली होती. अशी बटणे पातळ पत्र्यात घट्ट बसतात. १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये ती धरत नाहीत आणि मग खालून लाकूड कोरून काढावे लागते. शेजारच्याच गाळ्यात लेझर कटिंग होत असल्याने पत्रा तिथे कापला आणि त्यावर पावडर कोटिंग केले. औद्योगिक वसाहतीत कारखाना असण्याचा हा खरा फायदा आहे. ज्यांना लांब दांड्याच्या अमेरिकन धाटणीच्या जॉयस्टिक आणि आट्यांची बटणे आवडतात, त्यांना लाकडी पॅनेल चालेल. पण आधी बटणे ठरवावीत आणि नंतर पॅनेल, उलट क्रमाने केल्यास पैसे वाया जातात.

आता या पेटीतील मला सर्वांत आवडलेल्या भागाकडे वळतो. जेएलएफ जॉयस्टिकच्या तळाशी प्लास्टिकची एक चौकोनी चौकट असते, जी दांड्याची हालचाल अडवते. चौकट सरळ असली की दांडा चारही कोपऱ्यांत जाऊन टेकतो, म्हणजे तिरप्या दिशा हाताला स्पष्ट लागतात. स्ट्रीट फायटरमध्ये खाली, खाली-पुढे, पुढे असा दांडा फिरवून ठोसा मारताना तो कोपरा बोटांना जाणवतो आणि हात आपोआप नेमका होतो. हीच मांडणी पॅक-मॅनला मात्र मारक ठरते. वळणावर दांडा किंचित तिरपा गेला की दिशा ओळखणारे दोन छोटे स्विच, म्हणजे मायक्रोस्विच, एकदम दाबले जातात, पॅक-मॅन वळायचे सोडून सरळ निघून जातो आणि मागचे भूत गाठते. त्या गेममध्ये वळण येण्याच्या किंचित आधी दांडा वळवला तर कोपरा लवकर कापता येतो, हे मुरलेल्या खेळाडूंना ठाऊक असते. तिरप्या दिशांच्या गोंधळात ती सगळी कला फुकट जाते. उपाय सोपा आहे. चौकट ४५ अंशांत फिरवून बसवली की ती हिऱ्याच्या आकाराची होते आणि दांडा चारच टोकांना जातो.

हे बहुतेकांना माहीत असते, पण कोणी करत नाही, कारण त्यासाठी पॅनेलचे आठ-दहा स्क्रू काढावे लागतात. या भावांनी पॅनेल मागच्या बाजूला बिजागरीवर बसवले आहे आणि पुढच्या कडेला आतून दोन खटके दिले आहेत. नाण्याच्या छोट्या दारातून हात घालून खटके सोडायचे, पॅनेल पेटीच्या झाकणासारखे वर उचलायचे, बाजूचा आधार-दांडा लावायचा आणि चौकट बोटांनी फिरवायची. मला यासाठी दोन मिनिटांहून कमी वेळ लागतो. वायरींची जुडी बिजागरीच्या बाजूने, ताण येणार नाही एवढी सैल ठेवून बांधलेली आहे आणि प्रत्येक वायरवर मराठीत लिहिलेली चिठ्ठी आहे : 'डावा खेळाडू, वर', 'उजवा, बटण ३'. वर्षभरात पॅनेल निदान शंभरदा तरी उघडले असेल. एकही वायर सुटलेली नाही.

पडद्याच्या बाबतीत मी चुकीचा हट्ट धरला होता आणि त्यांनी तो मोडून काढला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मला २७ इंची मॉनिटर हवा होता. धाकट्या भावांनी मोजपट्टी काढून हिशेब मांडला. जुन्या गेमचे चित्र चारास तीन प्रमाणाचे असते. कर्णात २७ इंचांचा, रुंद धाटणीचा मॉनिटर आडवा बसवला तर स्ट्रीट फायटरचे चित्र कर्णात साधारण २२ इंच मिळते, पण पॅक-मॅनचे उभे चित्र मावते ते जेमतेम साडेसोळा इंच. मॉनिटर फिरवायचा म्हटले तर त्याचा कर्ण पेटीच्या आतल्या साडेपंचवीस इंच रुंदीपेक्षा मोठा असल्याने तो जागच्या जागी फिरूच शकत नाही, प्रत्येक वेळी बाहेर काढावा लागेल. २४ इंची मॉनिटर मात्र आत सहज फिरतो आणि स्ट्रीट फायटरसाठी आडवा, पॅक-मॅनसाठी उभा केला की दोन्ही गेमचे चित्र साडेएकोणीस इंचांच्या थोडे वर मिळते. पॅक-मॅनच्या मूळ उभ्या पेटीत १९ इंची पडदा असे, म्हणजे आकारही जवळजवळ मूळचाच राहतो. हे ऐकल्यावर वाद घालण्यासारखे काही उरले नाही.

मॉनिटर बेअरिंगवर बसवला आहे आणि मागचे दार उघडून एका हाताने फिरवता येतो. पुढे धुरकट काळ्या ॲक्रिलिकची काच आहे आणि आतली बाजू काळी रंगवलेली असल्याने मॉनिटर कोणत्याही स्थितीत असला तरी भोवतालची रिकामी जागा डोळ्यांना दिसत नाही. जुन्या पिक्चर ट्यूबची ऊब आणि किंचित फुगीर कड या पडद्याला येत नाही, हे मान्य केले पाहिजे. ज्या संग्राहकांना त्याखेरीज चैन पडत नाही त्यांनी जुना ट्यूबचा पडदा शोधावा आणि त्याचे वजन, त्यातील उच्च दाबाची वीज व दुरुस्तीची जबाबदारीही स्वीकारावी. लहान मूल असलेल्या घरात मी ती स्वीकारली नसती. मॉनिटरची गेम मोडची सेटिंग मात्र विसरू नये. हे गेम सेकंदाला साधारण साठ चित्रे दाखवतात, म्हणजे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांचे. चित्र सुधारण्याच्या नादात मॉनिटरने तीन-चार चित्रांचा उशीर केला की समोरच्याची लाथ अडवणे हाताबाहेर जाते. पहिल्या दिवशी माझ्याकडे नेमके असेच झाले होते आणि दोष जॉयस्टिकचा आहे असे समजून मी उगाच फोन केला.

आता तक्रारी. कॅबिनेट २५ दिवसांत देण्याचे ठरले होते, प्रत्यक्षात सात आठवडे लागले आणि मधल्या काळात प्रत्येक वेळी मलाच फोन करून विचारावे लागले. काम हातचे आहे, उशीर होऊ शकतो, हे समजते. पण ४० टक्के रक्कम आगाऊ घेतल्यावर गिऱ्हाइकाला आपणहून कळवणे हे विक्रेत्याचे काम आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. लेखी अंदाजपत्रकात संपूर्ण पेटी १८ मिलिमीटरच्या आयएस ७१० प्रतीच्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायची असेल असे स्पष्ट लिहिले होते. दोन्ही बाजू, पाठ आणि वरचा भाग तसाच आहे. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, ठाण्यात सलग पाऊस लागून राहिला असताना, खालच्या स्कर्टिंगच्या पट्टीचा सनमायका एका कोपऱ्यात उचललेला दिसला. नखाने उचकटून पाहिले तर आत तपकिरी भुसा, ओल्या बिस्किटासारखा फुगलेला. पट्टी एमडीएफची, म्हणजे लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेल्या फळीची होती. रोज फरशी पुसताना ओला पोछा तिला लागत होता आणि वर हवेतला दमटपणा. ती फुगली, मागचे दार खालून घासू लागले आणि मॉनिटर फिरवण्यासाठी दार उघडणे कठीण झाले. मी फोटो पाठवले तेव्हा पहिले उत्तर आले की पावसाळ्यात लाकडाचे असे होतेच. हे उत्तर मला अजिबात पटले नाही आणि मी अंदाजपत्रकाची ओळ त्यांना वाचून दाखवली.

त्यानंतर मात्र थोरले भाऊ स्वतः आले. पट्टी घाईत दुसऱ्या कामाच्या उरलेल्या मालातून कापली गेली हे त्यांनी सरळ मान्य केले, नवी प्लायची पट्टी लावली, तिच्या कापलेल्या कडांना सीलर दिला आणि पेटीखाली स्क्रूने वर-खाली होणारे चार पोलादी पाय बसवून ती फरशीपासून पाऊण इंच उचलली. पैसे घेतले नाहीत. तक्रारीपासून दुरुस्तीपर्यंत तीन आठवडे गेले, पण काम पक्के झाले. ठाणे असो वा नवी मुंबई, खाडीकाठच्या या हवेत जो कोणी असे कॅबिनेट घेईल त्याने हे पाय पहिल्या दिवशीच मागून घ्यावेत आणि माल ताब्यात घेताना दार उघडून आतल्या उघड्या कडा स्वतः पाहाव्यात. प्लायचे थर कडेला डोळ्यांना दिसतात, एमडीएफमध्ये थर नसतात. ओळखायला सुताराची नजर लागत नाही.

विजेची जोडणी व्यवस्थित आहे. तीन पिनांचा प्लग, मागे फ्यूजसह स्विच आणि नाण्याच्या लोखंडी दाराला तसेच पोलादी पॅनेलला अर्थिंग. हा शेवटचा मुद्दा प्रत्येकाने विचारावाच, कारण खेळताना तासन्‌तास हात धातूवर असतात. आवाजात सुरुवातीला दोष होता. स्पीकर पॅनेलच्या वरच्या बाजूला, तोंड खाली करून बसवले असल्याने थोडा आवाज वाढवला की पत्रा झिणझिणत असे. पत्र्याच्या खाली फोमची पट्टी चिकटवल्यावर ते थांबले. आवाजाचे बटण पॅनेलच्या खाली हाताला लागेल असे आहे, त्यामुळे रात्री शेजाऱ्यांना त्रास होत नाही. मायक्रोस्विचची टिकटिक मात्र बंद खोलीच्या बाहेरही ऐकू येते आणि तिला इलाज नाही.

गेमच्या बाबतीत या भावांची भूमिका मला पूर्णपणे पटते. त्यांनी मला गेम भरलेले कार्ड दिले नाही आणि मागितले असते तरी दिले नसते. मेम हे १९९७ पासून चालत आलेले आणि जुन्या यंत्रांची नक्कल संगणकावर चालवणारे सॉफ्टवेअर मोफत व खुले आहे, परंतु त्यावर चालणारे गेम ज्या त्या कंपनीच्या मालकीचे आहेत आणि हजारो गेम भरून पेटी विकणे म्हणजे दुसऱ्याचा माल विकणे आहे. कॅपकॉमने आपले कितीतरी जुने गेम संगणकासाठी अधिकृतपणे पुन्हा विक्रीला काढले आहेत. ते विकत घेऊन या पेटीवर खेळता येतात, कारण जॉयस्टिक आणि बटणे संगणकाला साध्या यूएसबीने जोडलेली आहेत. संग्राहक म्हणून मला हेही महत्त्वाचे वाटते की उद्या संगणक बिघडला वा बदलला तरी पेटीला हात लावावा लागणार नाही.

सजावटीवर मी फारसा खर्च केला नाही. बाजूंना गडद निळा साधा सनमायका आहे आणि वरची प्रकाशित पाटी दोन पट्ट्यांमध्ये नुसती सरकवलेली असल्याने हवी तेव्हा बदलता येते. मुलाचे नाव किंवा स्वतःचा फोटो बाजूंवर छापून घेण्याची टूम सध्या आहे आणि हे भाऊ तसेही करून देतात; मात्र पुढे कधी ही पेटी दुसऱ्या हौशी माणसाला विकायची वेळ आली तर त्याला तुमचे नाव नको असते. बदलता येणारी पाटी आणि कोऱ्या बाजू असल्या की नवा मालक ती आपलीशी करू शकतो.

पेटी घरी आणणे हा वेगळा कार्यक्रम होता. छोट्या हत्तीतून ती दिघा, विटावा, कळवा अशी आली. आमच्या इमारतीच्या लिफ्टचे दार अरुंद, पण ३० इंची पॅनेल बिजागरीवरून काढता येत असल्याने २७ इंची पेटी उभीच आत गेली. मोजमाप घेताना थोरल्या भावांनी मला घराच्या आणि लिफ्टच्या दारांची रुंदी विचारून लिहून ठेवली होती, हे मला तेव्हा आठवले.

मी हे कॅबिनेट कोणाला सुचवीन? ज्याला ठरावीक गेम मनापासून खेळायचे आहेत, ज्याच्याकडे भिंतीलगत अडीच-तीन फुटांची कायमची जागा आहे आणि जो एकदा तरी रबाळ्याला जाऊन तो सनबोर्डचा तुकडा हाताखाली घेऊन पाहील, त्याला निःसंकोच. ज्याला फक्त पाहुण्यांसमोर दिवाणखान्यात झळकणारी वस्तू हवी आहे त्याने एवढे पैसे घालवू नयेत; त्याला निम्म्या किमतीत टेबलावर ठेवायची लहान पेटी पुरेल. अंदाजपत्रक लेखी घ्यावे, त्यात प्रत्येक भागाचे लाकूड आणि बटणांची कंपनी लिहून घ्यावी आणि शेवटचा हप्ता घरी पेटी सुरू करून दोन तास खेळल्यावरच द्यावा. या भावांनी ही अट माझ्याकडून न कुरकुरता मान्य केली होती.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ३७ इंचांचे पॅनेल तिला उंच पडते म्हणून ती देवघरातला पाट आणून त्यावर उभी राहत असे. पाट सरकतो म्हणून मागच्या महिन्यात मी त्या भावांना फोन केला, तेव्हा थोरल्यांनी तिची उंची विचारली, आणि उरलेल्या प्लायचा, खाली रबर लावलेला सहा इंची चौरंग करून ठेवला आहे, येऊन घेऊन जा, असा निरोप काल आला आहे.